पांढऱ्याखाली पांढरं नको

"पांढऱ्याखाली पांढरं नको, अंगाच्या रंगाचं घे की गं," बेळगावच्या खडेबाजारात आतल्या कपड्यांच्या दुकानात काकू मला चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या. शेजारची मुलगी दचकून इकडेतिकडे बघायला लागली. मला मात्र काकूंचं फार बरं वाटलं.

उद्या रात्रीच्या गाडीनं बेंगळुरू, सुमारे 500 किलोमीटर. अंगात होजिअरीचा फिकट कुर्ता. हे विणलेलं कापड ताणतं, अंगाला बसतं. आतल्या कपड्याची जाड शिवण, लेस, घट्ट इलॅस्टिक सगळं वर उमटतं. म्हणून बिनशिवणीचं, सपाट कडांचं घ्यायचं. सुती घाम शोषतं, पण लवकर वाळत नाही. मुक्कामात रात्री धुऊन सकाळी घालायचं तर नायलॉनचं बरं, आतलं अस्तर मात्र सुतीच हवं.

एवढं साधं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तुमच्या घरी मुलींना हे कोण सांगतं?