पेशीला प्रवाह ढकलत नाही, मग ती पुढे का सरकते?

यकृताच्या कर्करोगाच्या गाठीत द्रवाचा दाब वाढलेला असतो. गाठीच्या आत तो जवळपास सारखाच राहतो आणि कडेच्या पातळ पट्ट्यात झपाट्याने उतरतो. म्हणून पेशींमधला द्रव त्या कडेवरूनच बाहेर झिरपतो. वेग अगदी मंद, साधारण सेकंदाला ०.१ ते २ मायक्रोमीटर. एवढ्याशा वेगाने कोलॅजन या प्रथिनाच्या जाळीला चिकटलेली पेशी वाहून जात नाही.

पेशी सीएक्ससीएल१२ हा केमोकाइन, म्हणजे पेशींना दिशा दाखवणारा संकेत-रेणू, स्वतःच सोडते. द्रव स्थिर असेल तर हा रेणू पेशीभोवती सगळीकडे सारखा पसरतो. द्रव वाहू लागला की प्रवाहाच्या पुढच्या अंगाला तो किंचित जास्त साठतो, पेशीवरचा सीएक्ससीआर४ हा रिसेप्टर (संकेत टिपणारं प्रथिन) तो फरक टिपतो आणि पेशी त्या बाजूला सरकते. आत एमईके-ईआरके ही संकेतसाखळीही लागते. मला हे यंत्रणेतलं सर्वात सुंदर अंग वाटतं.

प्रयोगशाळेत हे तपासायला ८ मायक्रोमीटर छिद्रांचा, १२ मिलिमीटरचा इन्सर्ट, म्हणजे तळाला सच्छिद्र पडदा असलेला छोटा कप, पुरतो. कोलॅजन बर्फावर ठेवून पीएच ७.४ वर आणायचं, पेशी मिसळायच्या, ३७ अंशांवर जेल बसू द्यायचं. मग वर माध्यम (पेशींचा पोषक द्रव) जास्त आणि खाली कमी. पातळीत १ सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे ९८ पास्कल दाब. कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठीच्या प्रवाह नसलेल्या इन्सर्टमध्ये, दोन्हीकडची पातळी सारखी ठेवायची.

वेग गृहीत धरू नका, मोजा. २४ तासांत १ मिलिलिटर द्रव १.१२ चौरस सेंटिमीटरमधून गेला, तर सरासरी वेग सेकंदाला ०.१ मायक्रोमीटर येतो. पातळी उतरते तसा वेगही घटतो, म्हणून माध्यम मधेमधे भरावं लागतं. सर्वात जास्त घोळ जेल आकसून भिंतीपासून सुटल्यावर होतो: द्रव कडेने निसटतो, पातळी फार लवकर उतरते आणि पेशींना प्रवाह मिळतच नाही. असा इन्सर्ट सरळ बाद करावा. बुडबुडे राहिले तरी प्रवाह बिघडतो.

शेवटी वरचं जेल कापसाच्या बोळ्याने पुसून पडद्याखालच्या पेशींची केंद्रकं डीएपीआय या चमकणाऱ्या रंगाने रंगवून मोजायची. केमोकाइनच कारण आहे का, हे सीएक्ससीआर४ला अडवणारं एएमडी३१०० हे औषध देऊन कळतं. दुसरी कसोटी अशी की सीएक्ससीएल१२ सगळीकडे भरपूर मिसळायचा. मग वरखाली फरकच उरत नाही आणि प्रवाहाचा परिणाम ओसरायला हवा.

पेशींची घनता मात्र प्रत्येक वेळी तीच ठेवा. स्तनकर्करोगाच्या पेशींवर २०११ साली दिसलं होतं, की दाट पेशी प्रवाहाविरुद्धही सरकतात.