डोकं आधी की मांडी

एल्क या मोठ्या अमेरिकी हरणाची मांडी आतून आंबली आहे की नाही, हे बघून कळत नाही. वरून ती लालबुंद असते, कोरडा पापुद्रा धरलेली, एखाद्या चांगल्या खाटकाकडे टांगलेली असावी तशी. सुरीचं टोक हाडालगत थेट खुब्याच्या सांध्यापर्यंत खुपसायचं, बाहेर ओढायचं आणि लगेच नाकाशी धरायचं. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेली ही युक्ती त्या मंगळवारी दुपारी कोलोरॅडोच्या डोंगरात वापरली, आणि सुरी नाकाशी धरल्यावर समोरच्या मुलाकडे बघायचा धीर मला झाला नाही.

दर ऑक्टोबरात मी फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या पायथ्याशी, मीकर गावाच्या बाजूला, तपासणी नाक्यावर असते. शिकारी मारलेल्या एल्कचं डोकं आणतात. घशाच्या मागे, कवटीच्या बुडाशी, अक्रोडाएवढ्या दोन लसिका ग्रंथी असतात. त्या काढून प्रयोगशाळेत पाठवणं हे माझं काम. सीडब्ल्यूडी नावाचा हरणांच्या मेंदूचा रोग, प्रायॉन म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा, त्यांत सापडतो. 1967 साली याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सच्या बंदिस्त हरणांत तो पहिल्यांदा लक्षात आला. त्यावर औषध नाही, आणि प्रायॉन शिजवूनही नष्ट होत नाहीत. आपल्याकडे 1972च्या कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, त्यामुळे घरचे विचारतात, तुला हे बघवतं का. बघवतं. मारलेलं वाया गेलं की मात्र बघवत नाही.

मुलाचं वय चोविसाच्या आसपास. तो मला शुक्रवारीच पायवाटेच्या तोंडाशी भेटला होता. पहिला रायफल सीझन शनिवारी उघडणार होता, पाच दिवसांचा, फक्त एल्कचा. पाठीवर तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, चार दिवसांचं जेवण, असं सोळा-सतरा किलो. रोज गाडीतून येऊन पहाटे अंधारात चढायचं, त्यापेक्षा एल्क जिथे झोपतात तिथेच आपण झोपायचं, असा त्याचा हिशेब. हिशेब बरोबरच आहे. ऑरेगनमधल्या स्टार्की जंगलात वर्षानुवर्षं रेडिओ कॉलर लावून हेच दिसलं, की रहदारीच्या रस्त्यांपासून एल्क लांब सरकतात. रस्त्यावर गाडी हळूहळू चालवत उतार न्याहाळणाऱ्यांना ही मुलं नाकं मुरडतात, आणि त्यांतल्या काहींच्या बाबतीत योग्यच आहे. रस्त्यावरूनच बार टाकणारे दरवर्षी सापडतात.

मी त्याला पत्रक दिलं आणि मनापासून सांगितलं, ‘‘एल्क मिळाला तर डोकं लवकर आण. ग्रंथी ताज्या असल्या की नमुना चांगला निघतो.’’

शनिवारी मावळतीला, गाडीपासून अकरा किलोमीटर आत, तीन हजार मीटर उंचीवर त्याने नर पाडला. असा नर तीनशे किलोच्या वर जातो, आपल्या सांबराहून मोठा. पुढचं काम गोळीपेक्षा कितीतरी अवघड. एकट्याने, डोक्यावरच्या दिव्यात, पोट न फाडता कातडं सोलत त्याने चारही पाय सुटे केले. पाठीच्या पट्ट्या आणि आतली नाजूक कापं काढली. एका मांडीचं हाडही उतरवलं. मध्यरात्र झाली, हात सुन्न झाले. दुसरी मांडी त्याने अख्खीच गेम बॅगेत, म्हणजे मांसाच्या कापडी पिशवीत, घालून झाडाला टांगली. रात्री पाणी गोठत होतं, तेव्हा मांस थंड होईलच असं त्याला वाटलं. तिथेच चुकलं. बाहेर गारठा असला तरी मांडीच्या त्या जाड मांसाच्या पोटात, खुब्यापाशी, जनावराच्या अंगची ऊब तासन्‌तास टिकून राहते. सांधा उघडला, निदान हाडापर्यंत एक चीर दिली, तर ती वाफ निघते. फऱ्यांची, म्हणजे पुढच्या पायांची, एवढी काळजी नसते, ते पातळ असतात.

मग ओझी. हे आकडे निघताना कुणी मांडत नाही. मांस आणि डोकं मिळून तीन खेपा आणि उरलेल्या फऱ्याची नि तंबूची चौथी, म्हणजे सात वेळा अकरा किलोमीटर, सत्याहत्तर. त्यातले चव्वेचाळीस पाठीवर ओझं घेऊन. अभयारण्यासारखी राखलेली ही भूमी, 1964च्या कायद्याने तिथे मोटर तर नाहीच, हातगाडीचं चाकसुद्धा चालत नाही. खेचरवाले असतात, पण त्यांच्याशी आधी बोलून ठेवावं लागतं. याच्याकडे उपग्रहावरून निरोप धाडायचं यंत्र होतं. त्यावरून तो रोज रात्री आईला खुशाली कळवत होता.

रविवारी त्याने हाड उतरवलेली मांडी आणि पाठीच्या पट्ट्या आणून गाडीतल्या बर्फात ठेवल्या, आणि परत वर गेला. सोमवारी एक फरा आणि डोकं, शिंगांसकट. डोकं एकटंच अठरा किलो भरलं. मी दहा मिनिटांत ग्रंथी काढल्या, पिशवीवर नंबर घातला आणि म्हणाले, ‘‘शाबास, असं वेळेत कुणी आणत नाही.’’ तो हसला. खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले होते.

त्याच सकाळी एक म्हातारे गृहस्थ मादी घेऊन आले होते. रस्त्यापासून तीनशे मीटरवर मारलेली, तीन अनोळखी माणसांनी ओढायला हात लावला, अकराच्या आत सगळं बर्फात. तिच्या मांडीचा वास मी घेतला नाही, कारण गरजच नव्हती.

मंगळवारी तो मुलगा अख्खी मांडी घेऊन आला. त्यालाच शंका आली होती. ‘‘तुम्ही बघता का जरा?’’ म्हणाला. दोन दिवस दुपारी सतरा अंशांपर्यंत ऊन तापलं होतं. सुरीला आंबूस, कुजट वास होता. मी सांध्याभोवती कापून दाखवलं, हाडालगत हिरवट करडा रंग उतरला होता. सुमारे वीस किलो मांस गेलं. तो पिकअपच्या फळीवर बसून राहिला.

वनरक्षक अधिकारी तिथेच होता. तो कडक आहे आणि आमच्यातला सगळ्यात न्यायी माणूस आहे. खाण्याजोगं मांस हयगयीने नासवणं इथे गुन्हा आहे. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘तुझं मत काय? हयगय?’’

मी म्हणाले, नाही. एका मांडीचं हाड उतरवलेलं होतं, म्हणजे त्याला काम येत होतं, दमला. अधिकाऱ्याने तेवढ्यावर सोडलं. मी दुसरी गोष्ट बोललेच नाही, की सोमवारी डोक्याच्या जागी ती मांडी खाली आली असती. ग्रंथी जागेवर काढता येतात, मी त्याला शुक्रवारी पाच मिनिटांत शिकवू शकले असते, आणि मग अठरा किलोंऐवजी चिमूटभर वजनाची पिशवी खाली आली असती. आमच्या पत्रकात डोकं कसं आणायचं ते सगळं आहे. मांस आधी आणा, असं कुठेही नाही.

बुधवारी तो उरलेला फरा आणि तंबू घेऊन उतरला. काही आठवड्यांनी अहवाल आला, रोग नव्हता. कळवायला मी स्वतः फोन केला. तो खूश झाला, मग थांबून म्हणाला, ‘‘डोकं शेवटी आणलं असतं तर?’’

खरं तर अशी मांडी पहिल्या चोवीस तासांतच आतून जायला लागते. रविवारी संध्याकाळी ती गेलीही असेल. मी त्याला तेवढंच सांगितलं. ‘‘म्हणजे फरक पडला नसता,’’ तो म्हणाला.

‘‘कदाचित पडला असता,’’ मी म्हणाले.