बगळ्याचे पाय आणि ८ बाय १०

माझ्या ऑनलाइन दुकानात माझ्या चित्राची पहिली प्रिंट लावली तेव्हा साइजच्या यादीत मी बिनधास्त ए४, ए३, ८ बाय १० इंच, १२ बाय १८ इंच सगळं टाकून मोकळी झाले, म्हटलं जेवढे पर्याय तेवढं बरं. चित्र बगळ्याचं, उभं, पाय लांबलचक. पहिली ऑर्डर नेमकी ८ बाय १० ची आली आणि प्रिंट हातात घेतली तर बगळा गुडघ्यापर्यंतच, खाली कोपऱ्यातली माझी सही पण गायब!

चित्र होतं ए४ च्या मापात. ए सिरीजचा (ए३, ए४, ए५ वगैरे) रुंदी-उंचीचा रेशो १:१.४१४, कागद मधोमध दुमडला तरी आकार तोच राहतो, म्हणून ए४ चं ए३ किंवा ए५ करताना काही कापलं जात नाही. पण ८ बाय १० म्हणजे ४:५, बुटका प्रकार. रुंदी ८ इंचाला बसवली की उंची होते ११.३, कागद आहे १० चा, मग जास्तीचा सव्वा इंच जाणार कुठे, कापलाच जाणार ना. १२ बाय १८ मध्ये उलटं, तो २:३, तिथे दोन्ही बाजू जातात.

आता मी ८ बाय १० च्या कागदावर चित्र ९ इंच उंच ठेवते, रुंदी येते साधारण ६.४, बाकी पांढरी बॉर्डर. मात्र मग लिस्टिंगमध्ये, म्हणजे दुकानातल्या प्रिंटच्या माहितीत, कागदाचं माप आणि चित्राचं माप वेगवेगळं लिहायचं, इंच आणि सेंमी दोन्हीत, नाहीतर लोक कागदाचं माप वाचून तेवढं चित्र येणार असं धरून चालतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

अजून एक, पिक्सेल. ए४ ला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, तीच फाइल ए३ वर ताणली की २१२ वर येते. ते चालतं, भिंतीवरचं चित्र कोण नाक लावून बघतं. ए२ ला १५० उरतात, तिथे मात्र माझ्या बारीक पेनच्या रेघा मऊ पडल्या. सॉफ्टवेअरमध्ये नुसता ३०० आकडा टाकून तपशील वाढत नाहीत, हा उद्योग पण करून झालाय.

सोफ्यावरचे मॉकअप, म्हणजे खोलीच्या तयार फोटोत चित्र बसवून दाखवतात ते, तर मी काढूनच टाकले, त्यात ए४ पण दाराएवढं दिसतं. त्याऐवजी प्रिंट हातात धरून काढलेला फोटो टाकते, नखं जरा बरी असतील त्या दिवशी.