श्रीलंका सायकलवर: गॉल रोड टाळा, कुलपात कंजुषी नको

कोलंबो ते बेंतोटा सायकलने जाऊ नका. बाकीचं सवडीने वाचा, हे एवढं आत्ताच डोक्यात ठेवा. साठ-पासष्ट किलोमीटरचा टप्पा आहे, नकाशावर रस्ता समुद्राला चिकटून जाताना दिसतो आणि ज्याने त्याने लिहून ठेवलंय की ‘सपाट, निवांत, पहिल्या दिवसाला उत्तम’. त्यातलं सपाट तेवढं खरं.

मी आणि माझी नणंद, दोघी नाशिकच्या. कसारा घाटाची सवय आहे, पंक्चर काढता येतं, बोचऱ्या उन्हात दिवसभर चालवता येतं. तुम्हालाही हे येत असेल असं धरूनच लिहितेय. जानेवारीत निफाडकडे पारा पार खाली जातो तेव्हा कुठेतरी ऊन खायला जायचं, तेही देशाबाहेर आणि खिशाला फार चाट न लावता, एवढीच अट होती. व्हिएतनाम आणि बाली सायकलसकट बजेटात बसेनात. मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच तास, घड्याळही बदलावं लागत नाही, वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने. ठरलं.

तारखांचं मात्र नीट बघा. श्रीलंकेला दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस दक्षिण-पश्चिम किनाऱ्याला झोडपतो, तेव्हा पूर्वेला त्रिंकोमाली आणि अरुगम बे कोरडे असतात. डिसेंबर ते मार्च बरोबर उलटं. त्यामुळे जूनचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून मिरिसाला पळू नका, खोलीत बसून पाऊस बघावा लागेल. प्रवेशाची परवानगी, म्हणजे ईटीए, निघण्याआधी ऑनलाइन काढायची. त्यासाठी सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं भरपूर आहेत, ती वर आपलं कमिशन लावतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट एलके’ नसेल तर पैसे भरू नका.

आता गॉल रोड. विमानतळ कोलंबोत नाही, उत्तरेला कटुनायकेला आहे, आणि राहायला जवळचं गाव नेगोम्बो. तिथून निघून कोलंबो ओलांडलं की दक्षिणेला जाणारा ए-2 रस्ता लागतो, तोच गॉल रोड. देहिवला, मोराटुवा, पानदुरा, कालुतरा. गावं वेगळी, पण मध्ये फट नाही. दुकानांची रांग संपतच नाही. समुद्र उजवीकडे असतो म्हणे. आम्हाला दिसल्या त्या हॉटेलांच्या भिंती, रेल्वेचे रूळ आणि टायरची दुकानं. द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे, त्यामुळे दुसरा सरळ रस्ताही नाही.

आणि बसगाड्या. बसा आपल्याच, लेलँडच्या, पण चालवण्याची रीत निराळी. एकाच मार्गावर खासगी बसा एकमेकींचे प्रवासी पळवायला धावतात. मागची बस कर्कश हॉर्न देत तुम्हाला ओलांडते, दहा मीटरवर थांब्यासाठी डावीकडे कापते, तुम्ही करकचून ब्रेक लावता, तेवढ्यात तिच्या उजवीकडून दुसरी बस. दोन थांब्यांनंतर पुन्हा तेच, तीच बस, तोच क्लीनर दारात लटकलेला आणि हसून हात करणारा. चिडावं तरी कुणावर? रस्त्याच्या कडेला पांढरी रेघ आहे, तिच्या आत जेमतेम हँडल मावतं आणि तिथेही कुणाची तरी रिक्षा उभी. कालुतराला कालू गंगेच्या पुलाशी मोठा पांढरा स्तूप आहे. गाडीवाले तिथे थांबतात आणि प्रवास सुखाचा व्हावा म्हणून पेटीत नाणी टाकतात. आमच्यासाठी वेग न आवरणाऱ्या बसा तिथे चटकन कडेला लागल्या. नणंद म्हणाली, “वहिनी, आपणही टाकू या, आपल्याला जास्त गरज आहे.” टाकली.

माझा सल्ला एकच. नेगोम्बोहून सायकलींसकट व्हॅन करा आणि द्रुतगती मार्गाने थेट बेंतोटाला किंवा गॉलला उतरा. पैसे जातील, जाऊ द्या. व्हॅन गेस्टहाउसच्या मालकाला सांगून आदल्या रात्री ठरवा, सायकली किती ते स्पष्ट सांगा, टोल धरून आकडा कबूल करून घ्या. बाहेर उभ्या असलेल्यांना विचारलंत तर सायकल दिसताच आकडा फुगतो. रिक्षांसाठी पिकमी हे अॅप ठेवा. बसायचं नसलं तरी निदान भाड्याचा अंदाज येतो.

बेंतोटाच्या पुढे रहदारी जरा विरळ होते आणि समुद्र खरंच दिसायला लागतो. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालियाला थांबा. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत इथे प्रवाशांनी भरलेली आगगाडी लाटेखाली गेली, हजाराहून जास्त माणसं दगावली. रस्त्याला लागूनच स्मारक आहे.

आता कुलूप. हा खरा मला चावलेला विषय आहे.

गावातल्या एका दुकानातून मी निघण्याआधी नंबरवालं केबल लॉक घेतलं होतं. दुकानदाराने सांगितलं, ‘बारा एमेम आहे मॅडम, कापायला अर्धा तास लागेल, परदेशात सगळे हेच नेतात.’ वजनाला हलकं, रंगाने सुरेख. गॉलच्या किल्ल्यात, उनावतुनाला, सगळीकडे सायकली त्यानेच एकत्र बांधल्या. वेलिगामाला गेस्टहाउस अगदी वाळूला लागून होतं आणि सायकली रात्रभर बाहेरच्या कठड्याला. खारा वारा, वर दव. सकाळी नंबरांच्या चकत्या फिरेनात. एक फिरली, तीन जागच्या जागी घट्ट. गेस्टहाउसच्या काकूंनी खोबरेल तेल आणलं, मालकाने स्प्रे मारला, नणंदेने दगडाने हलके ठोकून पाहिलं. ऊन चढत होतं आणि दोन्ही सायकली कठड्याला बांधलेल्या.

शेवटी हार्डवेअरच्या दुकानातला पोरगा मोठी कात्री घेऊन आला. मी म्हटलं, वेळ लागेल, चहा घे आधी. त्याने कात्री लावली, दाबली, कट्. चहाचं पाणीही तोवर तापलं नव्हतं. नणंद तुटलेलं टोक हातात धरून म्हणाली, “वहिनी, हे कुलूप होतं की राखी?” त्या टोकाकडे बघितलं तेव्हा कळलं: बाहेरचं प्लॅस्टिकच निम्मं, आत बारीक तारांचा पीळ, तोही अर्ध्या जाडीचा. बारा एमेम होतं, पण प्लॅस्टिक धरून. पोरगा पैसे घेईना. मग त्याच्याच दुकानातून मीटरवर मिळणारी साखळी आणि पितळी कुलूप घेतलं. जड, कुरूप, आणि शेवटपर्यंत व्यवस्थित चाललं.

परत आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागले. तर घ्या.

केबल लॉक सायकल बांधायला नाही, हेल्मेट आणि सीट बांधायला. जाडी कितीही असो, तारेचा पीळ हाताच्या कात्रीने एकेक करून तुटतोच. मुख्य कुलूप यू-लॉक घ्या, म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या दांडीचं; आपल्याकडे काही जण त्याला डी-लॉक म्हणतात. दांडी कडक केलेल्या पोलादाची आणि निदान 13-14 मिमी. प्लॅस्टिकचं आवरण सोडून, हे दुकानात ठणकावून विचारा. आकाराने लहान घ्या. मोठ्या यू-लॉकमध्ये पहार किंवा जॅक घालायला जागा उरते, लहानात उरत नाही. वजन किलो-सव्वा किलो होईल, तक्रार करू नका. घडीचं लॉक, म्हणजे सांध्यांनी जोडलेल्या पोलादी पट्ट्यांचं, कॅरिअरवर छान बसतं पण त्याचे सांधे बघून घ्या. स्वस्तातल्यांचे रिव्हेट हाच कच्चा दुवा असतो.

कंपन्या खोक्यावर स्वतःच आकडे छापतात, दहापैकी सात, पंधरापैकी नऊ. एकीचा सात म्हणजे दुसरीचा सात नव्हे. त्यापेक्षा ब्रिटनमधली सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपं प्रत्यक्ष फोडून बघते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असा दर्जा देते, तो शिक्का शोधा. श्रीलंकेतल्या किनारी गावांसाठी सिल्व्हर पुरे. युरोपातल्या मोठ्या शहरात सायकल रात्री रस्त्यावर सोडणार असाल तर हिशोब वेगळा, तिथे बॅटरीवर चालणारे ग्राइंडर घेऊन चोर येतात. सायकलच्या किमतीच्या दहा टक्के कुलपावर घाला असा एक ठोकताळा सांगतात. मला इतकं पटत नाही, पण साठ हजारांच्या सायकलला तीनशेचं कुलूप हा प्रकार मी पुन्हा करायची नाही.

किल्लीचं घ्या, नंबरचं नको. निदान समुद्राजवळ तरी नको. किल्ली चपटी हवी, नळीसारखी गोल नको. 2004 मध्ये अमेरिकेत एका नावाजलेल्या कंपनीची गोल किल्लीची कुलपं बॉलपेनच्या नळीने उघडतात हे उघडकीला आलं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. किल्लीचं भोक जमिनीकडे राहील असं लावा, म्हणजे पाणी आणि वाळू आत बसत नाही. दर दोन-तीन दिवसांनी टेफ्लॉनचं कोरडं वंगण. खोबरेल तेल नको, त्याला वाळू चिकटते. कुलूप मागचं चाक आणि फ्रेम दोन्हींतून घाला. पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे हाताच्या खटक्याने निघणारं असेल तर त्याचा खिळा बदलून अॅलन कीने उघडणारा बसवा, किरकोळ खर्च आहे. दोन सायकली असतील तर उलटसुलट तोंडांनी उभ्या करून बांधा. दोन किल्ल्या दोघींच्या खिशात वेगवेगळ्या. फ्रेमचा नंबर पेडलच्या अक्षाखाली कोरलेला असतो, त्याचा फोटो निघण्याआधी काढून ठेवा. आणि यू-लॉक हातातल्या बॅगेत नको, सुरक्षा तपासणीत अडकेल. सायकलच्या खोक्यात टाका.

वेलिगामा, मातरा, दोंद्राचं दीपगृह, तंगल्ले, तिस्सामहारामा. हे दिवस मजेत गेले, सांगण्यासारखं काही घडलं नाही. रस्ता रुंद, बसा कमी, रस्त्याकडेला मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर माडाच्या जातीच्या कितुल झाडाची काकवी, पिवळी शहाळी, कवठाचं सरबत. शाकाहारी असाल तर एक सांगते: नारळाच्या लाल चटणीत सुकवलेल्या मासळीचा चुरा असतो, त्याला उंबलकड म्हणतात. आधी विचारा. नणंदेला तिसऱ्या घासाला कळलं. दोघींना खोली पाच ते आठ हजार श्रीलंकन रुपयांत मिळत गेली. आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण साडेतीन, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. 2024 पासून यूपीआय तिथे सुरू झालंय, पण शहाळेवाल्याकडे आणि गेस्टहाउसात रोखच लागते. पौर्णिमेला पोयाची सुट्टी असते, त्या दिवशी बीअर मिळत नाही.

तिस्सा सोडल्यावर तनमल्विलावरून वेल्लवायाला जाताना रस्ता जंगलातून जातो आणि तिथे हत्ती आहेत. पाटी शोभेची नाही. सूर्य नीट वर आल्यावर निघा, संध्याकाळच्या आत पोहोचा. हत्ती दिसला तर फोटोसाठी पुढे सरकू नका, मागून येणाऱ्या ट्रकची वाट बघा आणि त्याच्या आडोशाने जा. आम्ही तेच केलं.

आणि मग एल्लाचा घाट. वेल्लवाया समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, एल्ला हजारच्या वर, मध्ये सत्तावीसेक किलोमीटर, आणि खरी चढण शेवटच्या टप्प्यात. पहाटे निघा. रावणा धबधब्यापाशी माकडं आणि पर्यटकांच्या व्हॅनची गर्दी असते, तिथे थांबून पाय गार पडू देऊ नका, नंतर चढवत नाही. वळणावळणाला डावीकडे-उजवीकडे दरी उघडत जाते आणि खाली सगळं मैदान, आदल्या दिवशी आपण तुडवलेलं. कसारा चढणाऱ्या कुणालाही हे जमेल, डोळे मिटून जा! नणंदेचं मत वेगळं आहे. ती शेवटचे काही किलोमीटर ढकलत आली आणि तिचं म्हणणं, वहिनीचं ऐकू नका, 34 दातांचा मागचा गिअर लावल्याशिवाय येऊ नका. दोन्ही मतं दिली. पाऊस झाला असेल तर मात्र निघण्याआधी चौकशी करा, या घाटात दरडी येतात आणि रस्ता बंद होतो.

एल्ला गाव महाग आणि उर्मट आहे. किनाऱ्यावर ज्या पैशात दोघी जेवलो त्यात इथे एकीचं होतं. नऊ कमानींचा पूल बघायला पैसे लागत नाहीत, चालत जा. एक रात्र पुरे.

परतीला पुन्हा व्हॅन, याबद्दल चर्चा नाही. जाताना सायकलीचे खोके नेगोम्बोच्या गेस्टहाउसात ठेवा आणि शेवटची रात्र तिथेच काढा, नाहीतर आयत्या वेळी खोका शोधत फिरावं लागतं. विमान कंपनीचा सायकलचा नियम छापून न्या. मुंबईत आमच्याकडून ठरलेलं भाडं घेतलं, परतीला काउंटरवरच्या माणसाने वर आणखी ‘मोठं सामान’ म्हणून मागितलं; छापील कागद पुढे केल्यावर त्याने वरिष्ठाला विचारलं आणि मागणी गुपचूप मागे घेतली. घरी आल्या आल्या सायकल गोड्या पाण्याने धुवा. मी आठवडाभर कंटाळा केला असता तर नवी चेन लागली असती, अशी ती तांबूस झाली होती. आणि तुटलेली केबल घेऊन मी त्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाला, “मॅडम, समुद्रावर नेलं होतं का? मग वॉरंटी नाही.”