काम गेल्याचा आनंद

काल रात्री पावणेबाराला मेल आला, बारा चित्रांचं ते काम रद्द. आणि मला आनंद झाला. वाईट वाटायच्या आधी आनंद, पाऊस जास्त झाला म्हणून शाळा सुटावी तसा. तेव्हापासून तोच डोक्यात बसलाय. पैशांचं नंतर बघू.

अगं, काम मीच मागून घेतलं होतं ना? तीनदा कोटेशन पाठवलं, मागे लागले, मिळालं तेव्हा नाचले. मग पाचव्या चित्राच्या नवव्या करेक्शनला ('मुलीचा हात जरा आनंदी करा.' हात!) तासभर तो हात झूम करून नुसती बघत बसले. स्टायलसची निब एका बाजूने झिजून तिरकी झालीये, नवीन निबा ड्रॉवरमध्ये पडल्यात, बदलायला मिनिटसुद्धा लागत नाही आणि तीन आठवडे मी तशीच खरडतेय. एवढं राबून कोण विचारतं? आईच्या त्या दिवसांतही मी स्क्रीनसमोरच होते, असो.

पण आनंद का व्हावा? कंटाळा आला असता तर समजलं असतं.

ताईने पाठवलेलं बर्नआउटचं शेवटी वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची व्याख्या केलीये, पण आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळला गेल्याने होणारा प्रकार म्हणून. गळून जाणं, कामाबद्दल तुसडेपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिन्हींवर टिक. आता माझं कामाचं ठिकाण म्हणजे पलंगाची डावी बाजू, आणि साहेब, एचआर, शिपाई सगळं मीच, तर रजेचा अर्ज मी मलाच देणार आणि मीच नाकारणार, हे ठरलेलंच.

तर पुढच्या कोटेशनमध्ये लिहिलं, दोन करेक्शन फुकट, तिसऱ्यापासून पैसे. मग पुसलं. मग परत लिहिलं, अजून तरी आहे. अर्धा ॲडव्हान्स परत मिळणार नाही हेही मीच मागे कधीतरी लिहून ठेवलेलं सापडलं, तेव्हाची मी जरा शहाणी होते बहुतेक.

दुपारी निब बदलली आणि उगाच ती फाइल उघडली. त्या हाताला सहावं बोट काढलं.

खरंच जरा आनंदी दिसतोय.