पाय द्या, माऊली

दिंडीची व्यवस्था अकरा वर्षं माझ्याकडे आहे. तंबू, टँकर, भिशीचा म्हणजे जेवणाच्या वर्गणीचा हिशेब, कोणी कुठे पथारी टाकायची, सगळं मीच ठरवतो. सासवड, जेजुरी, नीरास्नान, लोणंद, सगळं याच धावपळीत गेलं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागलं तेव्हाही मी फोनवर टँकरवाल्याला शोधत होतो.

तरडगाव सोडताना मागच्या दिंडीची माणसं आमच्या पताकांत शिरली. मी बोललो, तर त्यांचा चालक चारचौघांत म्हणाला, "दिंडी काय तुमच्या घरची आहे?" ते फार लागलं. तळावरच्या समाज आरतीला चोपदारांनी दंड उंचावला की सगळे शांत होतात, जिची तक्रार असते ती दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. फलटणला आपले टाळ वाजतेच ठेवायचे, हे मी तिथेच पक्कं केलं. अभंग तोंडात होता, मनात तक्रारीची वाक्यं जुळत होती.

दुपारी डाव्या तळव्याचा फोड इतका ठणकू लागला की बाभळीखाली बसलो. दिंडी पुढे गेली. मला वाटलं, कोणीतरी थांबेल. आमचा पोरगा पाण्याचे ग्लास वाटत होता, माझ्याकडे न बघता बरोबर वाटत होता, आणि त्याचाही राग आला.

डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी थांबल्या. कुठल्या दिंडीच्या, कुठल्या गावच्या, काही विचारलं नाही. त्यांनी वृंदावन खाली ठेवलं, कनवटीची सुई काढली.

"पाय द्या, माऊली."

मी पाय ओढून घेतला. वारीत हजारोंच्या पाया पडलोय, ते कधी जड गेलं नाही. पाय पुढे करणं मात्र जमेना. त्यांनी घोटा धरून तो मांडीवरच घेतला. सुई आरपार घातली, दोरा आतच सोडला. "ऱ्हाऊ दे तसाच. पाणी आपसूक झिरपंल." मग बोटांवर उडालेलं पाणी पदराला पुसलं, माझ्या त्याच पायाला हात लावून कपाळाला लावला आणि तुळस उचलून निघाल्या.

मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरचे सरदार. माऊलींच्या पालखी सोहळ्याची ही शिस्त त्यांनी लावली, आणि आळंदीला महाद्वारात त्यांची पायरी आहे. दरवर्षी निघताना तिला हात लावतो.

फलटणच्या तळावर पोचलो तर तंबू लागले होते, टँकर आला होता. मला कोणी काही विचारलं नव्हतं.

समाज आरतीला दंड वर गेला. तळ शांत झाला. आमची माणसं माझ्याकडे बघत होती. मी टाळ दोन्ही हातांनी छातीशी धरले. मागच्या दिंडीचे वाजत राहिले.