सोनोराच्या वाळवंटात विंचवांच्या मागावर

ॲरिझोनातील टूसॉन शहराच्या पश्चिमेकडील वाळवंटात आम्ही शिरलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि दिवसभर तापलेल्या खडकांची धग अजून ओसरली नव्हती. वाटाड्याने अतिनील प्रकाशाची विजेरी लावली आणि थोड्याच वेळात एका कपारीत हिरवट निळी आकृती उजळली. विंचवाच्या कवचातील काही रसायने हा प्रकाश शोषून अशी चमकतात, त्यामुळे एरवी पायाखाली आला तरी न दिसणारा हा प्राणी काही मीटरवरूनही लपत नाही.

तो केसाळ वाळवंटी विंचू होता. उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठा, सुमारे १४ सेंटिमीटर लांबीचा. मी नकळत दोन पावले मागे सरलो, तेव्हा वाटाड्या म्हणाला, "भ्यायचे तर याला नको, पुढे भेटेल त्याला भ्या." या विंचवाचे चिमटे इतके दणकट असतात की भक्ष्य चिरडण्याचे बरेचसे काम तेच करतात, आणि त्याचे विष माणसाला सहसा स्थानिक वेदनेपलीकडे फारसे काही करत नाही.

पुढचा भेटला तो एका वाळलेल्या ओंडक्याच्या खालच्या बाजूला, उलटा लटकलेला. गवती रंगाचा, बोटाएवढा, काडीसारख्या चिमट्यांचा हा साल-विंचू दिसायला अगदी किरकोळ. पण चिमटे दुबळे असल्यामुळे याची सारी भिस्त नांगीवर. त्याच्या विषातील प्रथिने चेतातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे सोडियम आत सोडून संदेश पुढे नेणाऱ्या सूक्ष्म दारांसारख्या रचना, नीट बंद होऊ देत नाहीत, मग चेता पुन्हा पुन्हा उद्दीपित होत राहते. लहान मुलांमध्ये डोळे भिरभिरणे, अंगाला झटके येणे, श्वास अडखळणे हे त्यातूनच घडते. त्यावरील प्रतिविषाला अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली. सहारातील एका विंचवाच्या विषात तर केवळ कीटकांच्याच वाहिन्यांना लागू पडणारे वेगळे प्रथिन आहे, ज्याने कीटक आखडून जागीच लुळा पडतो. दक्षिण आफ्रिकेतील एक जात आधी पोटॅशियमचे क्षार असलेला पारदर्शक थेंब सोडते आणि गरज पडली तरच महागडे, दुधाळ विष खर्च करते. हा हिशेबीपणा मला विषापेक्षाही विलक्षण वाटला.

मात्र साल-विंचवाचे हेच विष इथल्या टोळखाऊ उंदरापुढे निष्प्रभ ठरते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या उंदराच्या वेदनावाहक चेतापेशींतील सोडियमची एक वाहिनी विषातील प्रथिनांना बांधली जाऊन बंद पडते, म्हणजे जे कळ उठवायला हवे तेच कळ शमवते, आणि उंदीर दंश झेलत विंचू खाऊन टाकतो.

तो उंदीर पाहण्याची आस धरून आम्ही मध्यरात्रीपर्यंत हिंडलो, पण तो काही दिसला नाही. परतताना एका सपाट दगडावर एक चिमटा आणि शेपटीचे दोन तुकडे तेवढे हिरवे चमकत पडलेले आढळले. मी उत्साहाने उंदराचे नाव घेतले, तेव्हा वाटाड्याने मान हलवली. इथली फिकट वटवाघळेही साल-विंचू खातात, असे सांगून त्याने विजेरी बंद केली.